घरगुती अ‍ॅनालॉग सिंथ : पट्ट्या नकोत, तार लावा

तारयंत्री, पुणे

नमस्कार मंडळी. मागच्या धाग्यावर माझ्या तारेवर वाजणाऱ्या सिंथचा (सिंथेसायझर, विजेने सूर तयार करणारं वाद्य) फोटो टाकल्यापासून व्यनितून (खाजगी निरोपातून) बरेच प्रश्न येतायत, सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहितो.

घरी सिंथ बनवायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास कीबोर्डचा येतो. जुन्या कॅसिओचा काढू का, नवीन घेऊ का, किती पट्ट्यांचा घेऊ. माझं म्हणणं सरळ आहे, पट्ट्या लावूच नका. अ‍ॅनालॉग सिंथमधे सूर म्हणजे एक व्होल्टेज असतं, १ व्होल्ट वाढला की सूर बरोब्बर एक सप्तक वर जातो, आणि व्होल्टेजला बारा पायऱ्या नसतात, ते सलग असतं. पायऱ्या आपण पाडतो. ज्या यंत्रात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) मुळातच आहे त्याच्यावर पेटीच्या पट्ट्या बसवायच्या आणि मग ग्लाइडचं नॉब लावून मींडेची नक्कल करायची, हे मला पटत नाही.

यात माझं नवीन काहीच नाही. १९६४ मधे रॉबर्ट मूगने व्होल्टेजवर चालणारे ऑसिलेटर (सूर निर्माण करणारी सर्किटं) लोकांसमोर आणले आणि त्याला पियानोसारखा कीबोर्ड जोडला, पण त्याच काळात सॅन फ्रान्सिस्कोकडे डॉन बुकलाने पियानोच्या पट्ट्या मुद्दाम टाळून स्पर्शाच्या पत्र्या वापरल्या. त्याच्याही आधी, १९३० मधे, बर्लिनमधे फ्रिडरिश ट्राउटवाइनचं ट्राउटोनियम होतं, त्यात धातूच्या पट्टीवर एक रेझिस्टन्सची तार ताणलेली असायची, बोटाने तार दाबून पट्टीला टेकवली की त्या जागेचा सूर. मी तेच केलंय, फक्त व्हॅक्यूम ट्यूबऐवजी आयसी.

तारेचा भाग नीट सांगतो कारण बाकी सगळं नेटवर सापडतं. २८ गेजची निक्रोम तार घ्या, हीटर दुरुस्तीच्या दुकानात मीटरवर सरळ तार मिळाली तर उत्तम, कॉइल उलगडून घेतलेली तार कधीच पूर्ण सरळ होत नाही आणि बोटाखाली गाठी लागतात. ही तार मीटरला साधारण १० ओहम भरते, म्हणजे ६० सेंटिमीटरला ६ ओहम. एका टोकाला एलएम३१७ रेग्युलेटर करंट सोर्स (कायम ठरलेला करंट सोडणारा) म्हणून लावायचा, २४ ओहमचा रेझिस्टर लावला की १.२५ भागिले २४ म्हणजे ५२ मिलिअँप, दुसरं टोक ग्राउंडला. तारेवर मिळतात फक्त ०.३ व्होल्ट, ते टीएल०७२ या ऑप-अँपमधून (व्होल्टेज वाढवणारी चिप) दहापट केले की ३ व्होल्ट, म्हणजे तीन सप्तकं. एक सप्तक बरोब्बर २० सेंटिमीटरला बसेल असा गेन मल्टीटर्न प्रीसेटने लावायचा. तारेखाली ३-४ मिलिमीटरवर पितळी पट्टी. अ‍ॅल्युमिनियमचं चॅनल स्वस्त पडतं पण त्याच्यावर ऑक्साइडचा थर असतो आणि कॉन्टॅक्ट खरखरतो. तार ताणायला एका बाजूला गिटारची खुंटी.

पुढे एएस३३४० (व्हीसीओ म्हणजे व्होल्टेजवर चालणारा ऑसिलेटर, लॅटव्हियातल्या रीगाच्या अल्फा कंपनीची चिप, मूळ सीईएम३३४० चीच नक्कल आहे), मग एलएम१३७०० वर दोन पोलचा फिल्टर, आणखी एका एलएम१३७०० वर व्हीसीए (व्होल्टेजने आवाज लहानमोठा करणारा भाग). ३३४० ला उणे १२ व्होल्ट थेट देऊ नका, आत झीनर आहे, डेटाशीटमधे सांगितलेला रेझिस्टर मधे लागतोच. टायमिंगचा कपॅसिटर पॉलिस्टायरीन नाहीतर सी०जी सिरॅमिक घ्या, साधा डिस्क सिरॅमिक लावला तर तापमानाबरोबर सूर हलतो आणि मग लोक चिपला दोष देतात.

विचारा काय विचारायचं ते.

गानवेडी, सांगली

वाह! मला इलेक्ट्रॉनिक्समधलं ओ की ठो कळत नाही पण मी गाते आणि शिकवते, म्हणून विचारते. एक सप्तक २० सेंटिमीटर म्हणालात, सगळीकडे सारखंच का? सतार किंवा व्हायोलिनवर वर जाऊ तशा जागा जवळ जवळ येतात ना. आणि दुसरं म्हणजे पेटीचा शुद्ध गंधार कानाला चढा लागतो तो इथे नीट लावता येईल का?

तारयंत्री, पुणे

ताई, दोन्ही प्रश्न अगदी मुद्द्याचे. हो, इथे सगळीकडे सारखंच. व्हीसीओच्या आत एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टर असतो, समान व्होल्टेजला समान पटीने फ्रिक्वेन्सी, म्हणून मंद्रात जेवढं अंतर सा ते प तेवढंच तारसप्तकात. एकदा हाताला जागा बसल्या की तिन्ही सप्तकांत त्याच.

गंधाराचं गणित करून देतो. पेटीचा शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंट (सुरांमधलं अंतर मोजायचं माप), पाचास चार या प्रमाणातला ३८६ सेंट. सप्तकाचे १२०० सेंट २० सेंटिमीटरवर पसरलेत म्हणजे पेटीचा गंधार ६.६७ सेंटिमीटरवर आणि तंबोऱ्यातून ऐकू येतो तो ६.४३ वर. साधारण सव्वादोन मिलिमीटर मागे. बोटाला सहज कळतं हे अंतर. पंचमात मात्र फरक ०.३ मिलिमीटरचा, तो कानानेच लावायचा. मी पट्टीवर खुणा केल्यात त्या फक्त सा आणि प च्या, बाकी काही लिहिलेलं नाही आणि लिहूही नये असं माझं मत आहे.

गानवेडी, सांगली

मग दरबारीचा कोमल गंधार? तो जागेवर उभा राहतच नाही, आंदोलन हवं, आणि त्याची जागाही नेहमीच्या कोमल ग च्या खाली.

तारयंत्री, पुणे

तिथेच तर तारेची खरी मजा आहे. सहास पाचचा कोमल ग ५.२७ सेंटिमीटरवर येतो, दरबारीचा त्याच्याही मागे, बोट तिथे हळू डोलवायचं. सिंथवाले इथे एलएफओ (सूर आपोआप हलवणारा संथ ऑसिलेटर) वापरतात पण एलएफओचं हलणं घड्याळाच्या मापाचं, दर वेळी तेवढंच आणि त्याच वेगाने. आंदोलन तसं नसतं, रे कडे झुकताना वेगळं आणि परतताना वेगळं. हे बोटानेच होतं.

ओहमकार, नाशिक

छान धागा. इन्स्ट्रुमेंटेशनमधे नोकरी झाली माझी, आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडा वाद घालतो. एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टर हवाच कशाला? घरगुती सिंथमधली सगळी डोकेदुखी तिथेच सुरू होते. ऑसिलेटर लिनियर ठेवा, व्होल्टला अमुक हर्ट्झ. कॉर्गचा एमएस-२० (१९७८) तसाच होता आणि उत्तम वाजायचा. कीबोर्ड नाही म्हणताय, मग १ व्होल्टला एक सप्तक हे बंधन तुम्हाला कोणी घातलं?

तारयंत्री, पुणे

काका, विचार केला होता. ६० सेंटिमीटरमधे तीन सप्तकं लिनियर बसवली तर फ्रिक्वेन्सी १ पासून ८ पर्यंत जाते, म्हणजे लांबीचे सात भाग, खालच्या सप्तकाला एक, मधल्याला दोन, वरच्याला चार. म्हणजे ८.६, १७ आणि ३४ सेंटिमीटर. आपलं अर्धं गाणं मंद्र-मध्यात, तिथेच जागा सगळ्यात कमी, आणि तार सप्तकाला हात पसरून वाजवायचं. शिवाय खालच्या सुरांना व्होल्टेज इतकं कमी की ऑप-अँपचा ऑफसेट दोन-तीन मिलिव्होल्ट हलला तरी सूर गेला. सव्वा सप्तक पुरत असेल तर तुमची पद्धत नक्कीच सोपी आणि तापमानाला जास्त पक्की.

ओहमकार, नाशिक

मान्य. मंद्राचा मुद्दा बरोबर आहे, मी वाजवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं नव्हतं.

खान्देशी_पोर, जळगाव

दादा मी डिप्लोमाला आहे दुसऱ्या वर्षाला. एएस३३४० परवडत नाही आणि इकडे मिळतही नाही, बीसी५४७ आणि टीएल०७२ वर एक्स्पो कन्व्हर्टर बनवतोय नेटवरचं सर्किट बघून. वाजतंय पण सकाळी ट्यून केलेलं दुपारी पार बिघडलेलं असतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पहाट आणि दुपार यात खोलीतच १० डिग्रीचा फरक पडतो. यावर उपाय आहे का की चिपच घ्यावी लागणार?

ओहमकार, नाशिक

उपाय आहे, आणि कारण समजून घेतलंस तर चिपपेक्षा जास्त शिकशील, त्यामुळे जरा लांबण लावतो.

ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरवर व्होल्टेज साधारण १८ मिलिव्होल्टने वाढवलं की कलेक्टर करंट दुप्पट होतो. एक्स्पो कन्व्हर्टरचा सगळा खेळ एवढाच, १ व्होल्ट आत घ्यायचा, डिव्हायडरने त्याचे १८ मिलिव्होल्ट करायचे, करंट दुप्पट, म्हणून फ्रिक्वेन्सी दुप्पट. आता यात दोन गोष्टी तापमानाबरोबर हलतात. पहिली म्हणजे ट्रान्झिस्टरचा स्वतःचा लीकेज करंट, तो साधारण दर १० डिग्रीला दुप्पट होतो. म्हणूनच एक ट्रान्झिस्टर न वापरता जोडी वापरतात, दोघांचाही सारखाच वाढला की एकमेकांत कटतो. पण त्यासाठी दोघं सारखे आणि एकाच तापमानाला हवेत. दहा-वीस बीसी५४७ घे, सगळ्यांतून सारखाच करंट सोडून बेस-एमिटर व्होल्टेज मोज, एक मिलिव्होल्टच्या आत जुळणारी जोडी काढ. मोजताना बोटाने धरायचं नाही, एका डिग्रीला २ मिलिव्होल्ट फिरतात, बोटाच्या उबेने सगळं माप खोटं येतं. मग चपट्या बाजू समोरासमोर ठेवून चिकटव आणि वरून हीट श्रिंक चढव.

दुसरी गोष्ट म्हणजे ते १८ मिलिव्होल्टच तापमानाच्या प्रमाणात वाढतात, डिग्रीला ०.३३ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण १० डिग्रीला ३.३ टक्के झाले, आणि जिथे ट्यून केलंस तिथून तीन सप्तकं वर गेलास तर तीन सप्तकांच्या ३.३ टक्के म्हणजे जवळजवळ १२० सेंट, अख्ख्या अर्ध्या स्वरापेक्षा जास्त. तुझं दुपारचं दुखणं हेच असणार. खालचा सा लागतो आणि वरचा लागत नाही, असं होतंय का बघ.

यावर कंपन्या ३३०० पीपीएमचा (डिग्रीला ०.३३ टक्के वाढणारा) खास रेझिस्टर वापरतात, तो बाहेरून मागवावा लागतो. पण तांब्याच्या तारेचाही रेझिस्टन्स डिग्रीला ०.३९ टक्के वाढतो, आणि १२ व्होल्टचा तो छोटा चौकोनी रिले असतो ना, त्याची कॉइल म्हणजे तांब्याची तारच, ४०० ओहम. त्याच्या सिरीजमधे ७५ ओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर टाक, मिळून ४७५ ओहम आणि बदल डिग्रीला ०.३३ टक्के, हवा तेवढाच. वरचा रेझिस्टर २६ किलोओहमच्या आसपास, २२ के आणि सिरीजमधे १० केचा प्रीसेट लाव. रिले आणि ट्रान्झिस्टरची जोडी एकमेकांना चिकटून ठेव, वर थर्माकोलची डबी उलटी घाल म्हणजे पंख्याचं वारं लागणार नाही. एकच काळजी, कॉइल आहे म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडणार, म्हणून तो भाग ट्रान्सफॉर्मरपासून लांब.

खान्देशी_पोर, जळगाव

हो काका अगदी तसंच होतंय, खालचा सा ठीक असतो आणि वर जाऊ तसा बेसूर!! रिले माझ्याकडे पडलेलेच आहेत. आज रात्री करतो.

अहमदाबादवासी

या विषयावर बोलताय तर इकडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६९ मधे इथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, खराखुरा मूग मॉड्युलर आला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडर यांनी तो इथे उभा करून दिला आणि गीता साराभाई यांचा त्यामागे मोठा हात होता. त्याच गीताबाई, ज्यांनी १९४६ मधे न्यूयॉर्कमधे अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवलं. १९७२ पर्यंत जिनराज जोशीपुरा, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा अशा लोकांनी त्याच्यावर काम केलं. त्या टेप कित्येक वर्षं संस्थेच्या संग्रहात पडून होत्या आणि २०२३ मधे त्यातलं निवडक संगीत प्रसिद्ध झालं. जरूर ऐका. आपल्याकडे सिंथ म्हणजे सिनेमातला ऑर्केस्ट्रा एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं, पण आपल्या लोकांनी १९६९ लाच त्या मशीनला राग वाजवायला न लावता नुसत्या आवाजाचा शोध घेतला होता, याचा मला फार अभिमान वाटतो.

तारयंत्री, पुणे

मनापासून धन्यवाद. ही माहिती धाग्यात हवीच होती. मी ऐकलंय त्यातलं आणि मला वाटतं घरी काही बनवणाऱ्या प्रत्येकाने ऐकावं, कारण त्यात मशीन हळूहळू समजून घेणारी माणसं ऐकू येतात.

बर्लिनकर

ट्राउटोनियमचा उल्लेख वाचून थांबलो. ऑस्कर झाला (Oskar Sala) नावाच्या माणसाने ते वाद्य आयुष्यभर वाजवलं आणि वाढवलं, २००२ मधे गेले ते, त्यांचा वाद्यसंग्रह आता म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममधे आहे. कोणी इकडे आलात तर नक्की बघा.

पण मुद्द्याचं सांगायचं ते वेगळंच. झालांनी त्यात सबहार्मोनिक आणले, म्हणजे एका मूळ सुराला २, ३, ४, ५ ने भागत जायचं. हार्मोनिक्स वर जातात तसे हे खाली उतरतात. आणि सबहार्मोनिकचा आवाज एकदम वेगळा, भरदार असतो. मूळ सुराला सा धरला तर भागिले २ खालचा सा, भागिले ३ मध्यम, भागिले ४ पुन्हा सा, भागिले ५ कोमल धैवत. आता आयसीने हे अगदी स्वस्तात होतं, एक सीडी४०१७ (मोजणारी चिप) घेतला की दोन ते दहामधल्या कुठल्याही आकड्याने भागता येतं. तारेच्या व्हीसीओच्या मागे हे लावून बघा.

तारयंत्री, पुणे

हे भारी आहे! आणि वाचता वाचताच एक सुचलं. मूळ सुराला सा न धरता बघा. भागिले ३ ला सा म्हणा. मग भागिले ४ म्हणजे त्या सा च्या तीन चतुर्थांश, म्हणजे मंद्र पंचम. भागिले ६ म्हणजे खर्ज. प, सा, सा, खर्ज. हा तर तंबोऱ्याचा मेळ झाला. ४, ३, ३, ६. आणि तिन्ही सूर एकाच ऑसिलेटरमधून निघतात म्हणजे तो सरकला तरी प आणि सा मधलं प्रमाण हलूच शकत नाही, कायम तीनास चार.

खान्देशी_पोर, तुझं कन्व्हर्टरचं काम चालू राहू दे पण त्याआधी हे कर. एक ४०१०६ आणि तीन ४०१७, बस्स. ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालेल, २३० व्होल्टशी संबंधच नाही.

खान्देशी_पोर, जळगाव

करतो दादा, ४०१०६ आहे माझ्याकडे. पिना सांगाल का, आणि व्हॅल्यू?

ओहमकार, नाशिक

मी सांगतो. ४०१०६ मधे सहा श्मिट इन्व्हर्टर असतात, एक वापर. पिन १ आणि २ च्या मधे १०० के रेझिस्टर आणि सिरीजमधे १०० केचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), पिन १ वरून ग्राउंडला १५ नॅनोफॅरडचा मायलर कपॅसिटर. फ्रिक्वेन्सी साधारण १.२ भागिले आरसी येते, म्हणजे ४०० ते ८०० हर्ट्झ, म्हणजे सा १३३ ते २६७. पुरुषांची काळी एक पण बसते आणि बायकांची काळी पाचही. कंपनीप्रमाणे थोडं पुढेमागे होईल. उरलेल्या पाच इन्व्हर्टरचे इनपुट, म्हणजे पिन ३, ५, ९, ११, १३, ग्राउंडला बांध, सीमॉसचं इनपुट लटकत ठेवायचं नसतं.

पिन २ वरून तिन्ही ४०१७ च्या पिन १४ ला. प्रत्येकाची पिन १३ ग्राउंडला, १६ ला सप्लाय, ८ ग्राउंड. पिन १५ रीसेट आहे, ती ज्या आउटपुटला जोडशील त्या आकड्याने भागाकार. तीनसाठी पिन ७, चारसाठी पिन १०, सहासाठी पिन ५. आवाज पिन ३ वरून काढायचा. तिन्ही आवाज १०० केच्या तीन रेझिस्टरमधून एकत्र करून १० केच्या पॉटवरून एलएम३८६ ला (स्पीकर वाजवणारी चिप). सप्लायवर प्रत्येक आयसीजवळ ०.१ मायक्रोफॅरड लाव, झिरो पीसीबीवर तर लावच.

गानवेडी, सांगली

हे ऐकायला मिळेल का कुठे? मोबाइलवरचा तंबोरा वापरून कंटाळले आहे. पण आवाज तंबोऱ्यासारखा येईल का सूरपेटीसारखा?

तारयंत्री, पुणे

खरं सांगतो ताई, सूरपेटीसारखा. सलग धरलेला. तंबोऱ्याची जवारी वेगळीच गोष्ट आहे, तार घोडीवर घासत हळूहळू एकेक स्वयंभू स्वर उमलत जातो. ते जवळपास आणायचं तर प्रत्येक सुराला वेगळा फिल्टर आणि तो वरून खाली हळू सरकवणारा एन्व्हलप (सूर उमटण्यापासून विरेपर्यंतचा चढउतार ठरवणारं सर्किट) लागेल. एलईडी आणि एलडीआर (उजेडाने बदलणारा रेझिस्टर) तोंडाला तोंड लावून काळ्या हीट श्रिंकमधे बंद केले की घरचा व्हॅक्ट्रॉल तयार होतो, त्याचा प्रतिसाद सुस्त असतो आणि छेडलेल्या तारेसारखा आवाज विरतो, बुकलाच्या यंत्रांमधे हेच आहे. माझं ते पुढचं काम. पण गायला बसायला सूर पक्का हवा असेल तर ही ४-३-६ ची पेटी आत्ताच पुरेशी आहे.

कथीलवाला, ठाणे

उशिरा आलो धाग्यावर. मी तारेचा भाग बनवून पाहिला, वाजतोय सुंदर, पण दोन अडचणी. बोट उचललं की सूर कुठेतरी भरकटतो. आणि सगळ्या आवाजात ५० हर्ट्झची घरघर आहे. सप्लाय १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर, ७८१२ आणि ७९१२. ७९१२ गरमही होतोय बराच.

तारयंत्री, पुणे

पहिल्याचं सांगतो. बोट उचललं की पितळी पट्टी कशालाच जोडलेली नसते. पट्टीवरून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर टाका, शेवटचं व्होल्टेज तो धरून ठेवतो, टीएल०७२ चं इनपुट जेफेटचं आहे, जवळजवळ काहीच करंट घेत नाही. तार स्वतः ६ ओहमची, त्यामुळे दाबल्याबरोबर कपॅसिटर भरतो, मींड अजिबात अडखळत नाही. एन्व्हलपला मी डाव्या हाताला वेगळं बटण ठेवलंय, दाबलं की सूर उमटतो, सोडलं की विरतो, म्हणजे भरकटला तरी तोवर आवाज संपलेला असतो. आणि पट्टीपासून ऑप-अँपपर्यंतची वायर शील्डवाली घ्या.

ओहमकार, नाशिक

सप्लायचं. पहिलं म्हणजे बंद करा आणि ७९१२ च्या पिना तपासा. ७८१२ ला इनपुट-ग्राउंड-आउटपुट असा क्रम आहे, ७९१२ ला ग्राउंड-इनपुट-आउटपुट. बरेच जण दोन्हीला एकच समजून जोडतात. दुसरं, ७९१२ चा पाठीचा पत्रा इनपुटला जोडलेला असतो, ७८१२ चा ग्राउंडला. दोन्ही एकाच हीटसिंकवर अभ्रकाशिवाय बसवले असतील तर थेट शॉर्ट.

पिना बरोबर असतील तर घरघरीसाठी ग्राउंड बघा. एलएम३१७ मधून तारेत ५२ मिलिअँप सलग वाहतायत, तो करंट आणि ऑडिओचा ग्राउंड एकाच बारीक वायरवरून परत येत असेल तर त्या वायरवर मिलिव्होल्ट पडतात, आणि तुमच्याकडे तारेवर १०० मिलिव्होल्टला एक सप्तक आहे, म्हणजे १ मिलिव्होल्टला १२ सेंट. तारेचा ग्राउंड वेगळ्या जाड वायरने थेट सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरजवळ आणा. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला फ्यूज आहे ना? पेटी धातूची असेल तर अर्थिंग केल्याशिवाय वापरू नका, बोट तारेवर असतं तुमचं.

कथीलवाला, ठाणे

काका, दोन्ही रेग्युलेटर एकाच हीटसिंकवर होते, अभ्रक नव्हता. बदललं, आता नुसता कोमट. ग्राउंडची वायर वेगळी केल्यावर घरघर जवळजवळ गेली. फ्यूज होता, अर्थिंग आता केलं. निक्रोम तार आणि पितळी पट्टी मला मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाही मिळाली, हार्डवेअरच्या दुकानात आणि हीटरवाल्याकडे मिळाली, बाकीच्यांना उपयोग होईल म्हणून लिहितो.

तारयंत्री, पुणे

पुण्यात आयसी आणि पॉट तपकीर गल्लीत मिळतात, तार मात्र हीटरवाल्याकडेच.

खान्देशी_पोर, जळगाव

सूरपेटी वाजली!!! प आणि सा एकदम असे चिकटून येतात की तिसराच आवाज ऐकू येतो मधे. आईने विचारलं कुठून आणलीस. आणि रिलेवालं पण केलं काका, पहाटे लावलेलं दुपारी तपासलं, वरचा सा थोडासाच हलला, आधीसारखा अर्धा स्वर नाही.

गानवेडी, सांगली

अरे वा, शाबास! आता माझी एक फर्माईश. मालकंसाला पंचम चालत नाही, मध्यमाचा तंबोरा लागतो. तुमच्या या आकड्यांत मध्यम बसतो का?

तारयंत्री, पुणे

बसतो, फक्त सगळे आकडे दुप्पट करायचे. सा भागिले ६, खर्ज भागिले १२. मग मंद्र पंचम भागिले ८ आणि मंद्र मध्यम भागिले ९. म्हणजे प आणि म मधे फक्त एका आकड्याचा फरक, ४०१७ ची पिन १५ एका छोट्या टॉगल स्विचच्या मधल्या टोकाला जोडायची, एका बाजूला पिन ९ म्हणजे आठने भागाकार, पंचम, दुसऱ्या बाजूला पिन ११ म्हणजे नऊने, मध्यम. मूळ ऑसिलेटर दुप्पट वेगाने हवा म्हणून १५ नॅनोफॅरडच्या जागी ६.८. बाराने भागायला सहाच्या आउटपुटवर आणखी एक ४०१७, त्याची पिन ४ रीसेटला, म्हणजे दोनने.

खान्देशी_पोर, जळगाव

स्विच आहे माझ्याकडे. ६.८ नॅनो नाहीये, ३.३ चे दोन पॅरलल टाकले तर चालतील ना?

ओहमकार, नाशिक

चालतील, ६.६ होतात, सूर जरासा चढा येईल तो पॉटवर उतरव.